पंडिता रमाबाई : कानांनी अधू, कार्याने थोर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र देण्याचा रिवाज आहे. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण वाचले. या खेपेस ते काम माझ्याकडे आले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. रमाबाई मोठ्या विदुषी होत्या आणि त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, इतके पुष्कळ जणींना ठाऊक असते. पण ऐन पंचविशीत त्यांच्या कानांनी दगा दिला आणि त्यापायी आयुष्याची वाट बदलावी लागली, हे फारसे कोणी सांगत नाही. मला तेच सांगावयाचे आहे. आपल्या तीर्थपुरीत कमी ऐकू येणाऱ्या बायका थोड्या नाहीत, आणि मीही त्यांतलीच एक आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. तुंगा आणि भद्रा या नद्या तेथे उगम पावतात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकांनी संस्कृत शिकणे त्या काळी पाप समजले जाई. तरीही शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकविले. लोकांनी विरोध केला, तेव्हा त्यांनी रानात जाऊन बिऱ्हाड थाटले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुढे वर्षानुवर्षे फिरतच राहिले. देवळात, घाटावर पुराण सांगावे आणि लोक श्रद्धेने देतील त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा संसार होता.

रमाबाईंना आईने शिकविले. दिवसभर चालणे आणि कामे असत, म्हणून पहाटेची वेळ धरलेली. पाखरे किलबिलू लागली की झोपाळलेल्या मुलीला लाडाने जागे करून आई श्लोक सांगे आणि मुलगी ते म्हणून दाखवी. हाती पुस्तक नसे. आईच्या तोंडून निघाले ते मुलीच्या कानी पडले की पाठ झाले. अशा रीतीने हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. भगिनींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. रमाबाईंची सारी विद्या त्यांना कानावाटे मिळालेली होती.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाचे हाल सुरू झाले. जवळचे होते नव्हते ते विकून झाले. भीक मागण्याची सवय नाही आणि अंगमेहनतीचे काम कधी केलेले नाही, असे ते कुटुंब झाडपाला खाण्यापर्यंत येऊन पोचले. वडील गेले. पाठोपाठ आई रायचूरकडे आजारी पडली आणि तीही गेली. त्या काळी रायचूर आणि आपले जालना एकाच निजामाच्या राज्यात होते. आईच्या अखेरच्या दिवसांत रमाबाई शेजारणीच्या दारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. तुकडा मिळाला, परंतु आईच्या अंगी तो खाण्याचे त्राण उरले नव्हते. पुढे थोरली बहीणही गेली. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडायला गेल्या आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्या सासवांना हे दुःख अधिक सांगावे लागणार नाही.

राहिले दोघे बहीणभाऊ. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई हजारो मैल पायी चालले. थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून त्यांनी अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून दोन्हीकडून बोल लागला. १८८१ साली मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. मनोरमेचे पहिले वर्ष पुरे होण्याआधीच, १८८२ च्या फेब्रुवारीत, पटकीने बिपिनबाबू वारले. तेव्हा रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या.

त्याच साली त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारख्या महिला मंडळांची ती थोरली बहीणच म्हणावयाची. सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला बायकाच डॉक्टर हव्यात, असे त्यांनी तेथे सांगितले. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्या काळी घरोघर होत्या. तेव्हा आपण स्वतःच डॉक्टर व्हावे, असे त्यांनी मनाशी ठरविले. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून विकले, त्या पैशांवर १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या विलायतेला गेल्या आणि वाँटेज येथे जोगिणींच्या मठात राहिल्या.

आणि तेथे कान आडवे आले. रमाबाईंना ऐकू कमी येते, या कानांनी डॉक्टरकीचा अभ्यास व्हावयाचा नाही, असे निष्पन्न झाले. डॉक्टरला रोग्याच्या छातीचा ठोका ऐकावा लागतो, वर्गात परक्या भाषेतील व्याख्याने ऐकावी लागतात. आजच्यासारखी श्रवणयंत्रे तेव्हा नव्हती. ज्या ध्येयासाठी समुद्र ओलांडला ते ध्येयच संपले. नवरा नाही, आईबाप नाहीत, पदरी पोर, मुलूख परका, आणि ज्या कानांनी सारी विद्या दिली तेच कान मिटत चाललेले. याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून आपल्याकडे फार गदारोळ झाला. कोणास तो निर्णय पटो वा न पटो, त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहताना मान लवतेच.

रमाबाई परत फिरल्या नाहीत. डॉक्टरकीचे दार लागले, तेव्हा त्यांनी शिक्षणाचे दार उघडले. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात त्या इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय शिकल्या आणि तेथेच संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली त्यांना अमेरिकेतून बोलावणे आले. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर होणार होत्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. जे आपल्याला व्हावयाचे होते, ते दुसरीला झालेले पाहताना आपल्यापैकी कोणाच्याही पोटात कालवाकालव झाली असती. रमाबाई मात्र त्या आनंदात सामील झाल्या, आणि पुढे अमेरिकेतच जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. तेथे त्यांनी बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली. गावोगाव भाषणे केली, हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून १८८७ साली प्रसिद्ध केले, आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. आनंदीबाई बिचाऱ्या त्याच साली मायदेशी क्षयाने वारल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाचाच तो दिवस, बरोबर तीन वर्षांनी आलेला. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. पुढे त्याच अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन नंतर पुण्यास गेले. मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप होऊन केसरीने टीकेची झोड उठविली, १८९३ साली सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. भुकेले पोट काय असते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० सालच्या सुमारास तेथे दीड हजारांच्या घरात बायका-मुली राहत होत्या. शेती, गाई-म्हशी, विणकाम, छापखाना, सारे बायकांच्याच हाती. आंधळ्या स्त्रियांनाही तेथे ब्रेल लिपी शिकवली जाई. ज्यांचे एक इंद्रिय गेले, त्यांना दुसऱ्याच्या आधारे उभे करावे, हे स्वतः कानांनी अधू असलेल्या बाईला अधिक उमजले असावे, असे मला वाटते.

वय वाढले तसे रमाबाईंचे कान आणखी मंदावले. अखेरच्या काळातील त्यांचे मोठे काम पाहिले म्हणजे नवल वाटते. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याला कित्येक वर्षे लागली. छपाई मुक्ती सदनातल्या बायकांनी केली. हे सारे काम डोळ्यांचे आणि हातांचे. लहानपणी विद्या कानावाटे आत आली, म्हातारपणी ती लेखणीवाटे बाहेर पडली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आईच्या आधीच गेल्या. तेही दुःख गिळून रमाबाईंनी भाषांतर शेवटास नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

रमाबाईंचा आजार आणि माझा आजार एकच, असे मी म्हणत नाही. माझे कान कमी-जास्त होतात. चार दिवस सारे स्वच्छ ऐकू येते, मग डाव्या कानाला दडा बसतो, आत शिट्टीसारखा आवाज सुरू होतो, कधी भोवळ येऊन भिंत धरावी लागते. काही दिवसांनी आपोआप उतरते. असला आजार दिसत नाही, म्हणून लोकांना खरा वाटत नाही. काल ऐकले आणि आज ऐकत नाही, म्हणजे ही सोंग करते, सोयीचे तेवढे हिला ऐकू येते, असा बोल घरीदारी मिळतो. मग बाई उगाच मान डोलावते, बारशाला, हळदीकुंकवाला जायचे टाळते, आणि हळूहळू घरात कोंडली जाते. कान जाण्यापेक्षा हे कोंडले जाणे वाईट.

कानाच्या डॉक्टरांनी मशीनवर तपासून मला सांगितले की आतल्या कानात पाणी वाढले म्हणजे असे होते. मीठ, पापड, लोणचे कमी करायला सांगितले, औषध दिले. पूर्ण बरे होत नाही, पण त्रास पुष्कळ आटोक्यात आला. भोवळ आली की मी चूल सोडून आधी खाली बसते. भिशीच्या दिवशी जिचा उजवा कान चांगला आहे तिने डाव्या टोकाला बसावे, म्हणजे बोलणाऱ्या साऱ्या चांगल्या कानाकडे येतात, हे मी अनुभवाने शिकले. जे ऐकू आले नाही ते मी सरळ पुन्हा विचारते.

मंडळातील भगिनींना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कानात गरम तेल, लसूण, काडी किंवा पिन घालू नये. कान वाहत असेल तर अंगावर काढू नये. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी, निदान दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टर गाठावा. उशीर झाला तर गेलेले ऐकणे परत मिळणे कठीण होते. श्रवणयंत्र लावावे लागले तर चष्म्याइतकेच ते साधे समजावे. आणि जिला कमी ऐकू येते तिच्याशी पाठमोरे किंवा दुसऱ्या खोलीतून बोलू नये. समोर यावे, तोंडावर उजेड असावा, ओरडण्यापेक्षा सावकाश बोलावे. एकदा कळले नाही तर शब्द बदलून सांगावे, पण जाऊ दे, तुला काय करायचे आहे, असे म्हणू नये. त्या बोलाने बाई दुसऱ्यांदा बहिरी होते.

आपल्या मंडळाच्या सभेत मागे बसून मान डोलावणाऱ्या भगिनी मला माहीत आहेत. त्यांना पुढच्या ओळीत जागा द्यावी आणि सभेचे ठराव फळ्यावर लिहावेत, अशी माझी मंडळाला विनंती आहे. खडू आणि फळा मी आणून देईन. रमाबाईंचे कान अधू म्हणून त्यांना एका कामाला नाही म्हटले गेले, तरी त्यांनी दुसरे काम उभे केले आणि त्यात हजारोंना सामावून घेतले. आपल्यातल्या कोणाचे कान मंदावले, तर ती मंडळातून मागे पडू नये, एवढे आपण या वर्धापनदिनी ठरविले तरी त्या थोर बाईचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.