मिजलींचा गॅस आणि मामाची गाडी

मित्रांनो, शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझं मराठी आपल्या मेसच्या डाळीसारखं आहे, कधी घट्ट तर कधी पातळ. तेव्हा शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मराठीतच सांगायची होती, कारण ती ज्या मामामुळे कळली तो आपल्या मासिकाची फक्त मराठी पानं वाचतो.

झालं असं, की मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गाडीचा एसी गार हवा देईना. कूलिंग कॉइल लीक होती. पुस्तकात आपण जिला इव्हॅपोरेटर म्हणतो तीच ही. गॅरेजमध्ये सगळे कूलिंग कॉइलच म्हणतात. ती बसते डॅशबोर्डच्या मागे, म्हणजे हातभर कॉइलसाठी अर्धी गाडी खोलायची. मजुरीचा आकडा ऐकून मी म्हटलं, थर्ड इयर मेकॅनिकलची भाची घरात असताना पैसे कशाला घालवायचे? बॅटरीची वायर काढली, एअरबॅगसाठी थोडा वेळ थांबले, मग ग्लोव्ह बॉक्स, मीटर, डॅशबोर्ड असं एकेक उतरवलं. स्क्रू मामीच्या वाट्यांमध्ये. शेवटी बॉनेटमध्ये पाना लावून पाइपचा नट सैल केला आणि उरलेला गॅस फुस्स करून सोडून दिला. ना वास, ना रंग. मला वाटलं, झालं काम!

मामाने उमेदीची वर्षं फ्रीज दुरुस्तीत घालवली आहेत. तो आवाज ऐकून जेवणावरून उठून बाहेर आला आणि मला असा काही ओरडला, की विचारू नका. गॅस आधी मशीनने काढून घ्यायचा असतो, हवेत सोडायचा नसतो, हे तो तीन वेळा बोलला. रात्री झोप येईना म्हणून हा गॅस मुळात आला कुठून ते वाचायला बसले, आणि भेटले थॉमस मिजली.

मिजली यांचा जन्म 18 मे 1889 रोजी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सचा. वडील संशोधक, आईचे वडीलही संशोधक. 1911 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डिग्री घेतली, कोणती म्हणाल तर मेकॅनिकल इंजिनिअरिंगची! म्हणजे आपल्याच ब्रँचचे. पुढे नाव मात्र काढलं केमिस्ट्रीत.

1916 मध्ये ते डेटनला चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली कामाला लागले. तिथे प्रश्न मिळाला इंजिनाच्या नॉकिंगचा. शेकडो पदार्थ पेट्रोलमध्ये घालून बघितले. टेल्युरियम चाललं, पण त्याचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटायचा, की माणसं जवळ येईनात. शेवटी पीरियॉडिक टेबल समोर ठेवून शोध घेत ते शिशापर्यंत पोचले. डिसेंबर 1921 मध्ये टेट्राएथिल लेडचे थोडेसे थेंब पडले आणि नॉकिंग बंद! 1923 मध्ये हे पेट्रोल पंपावर आलं. नाव ठेवलं एथिल. त्या नावात शिशाचा उल्लेखच नव्हता.

खरी गोष्ट इथून सुरू होते. शिसं विषारी असतं हे तेव्हा गुपित नव्हतं. खुद्द मिजलींनाच त्याची बाधा झाली आणि 1923 च्या सुरुवातीला कामावरून सुट्टी घेऊन फ्लोरिडाला जावं लागलं. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, कितीतरी आजारी पडले. त्याच महिन्याच्या 30 तारखेला मिजलींनी पत्रकारांना बोलावलं, त्यांच्यासमोर ते द्रव हातांवर ओतून घेतलं आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगलं. काही होत नाही, हे दाखवायला! आणि पेट्रोलमधलं शिसं पुढे जवळजवळ शंभर वर्षं जगभर जळत राहिलं, लहान मुलांच्या रक्तात आणि मेंदूत गेलं. भारतात ते 2000 साली बंद झालं. सगळ्यात शेवटी अल्जीरियाने 2021 मध्ये बंद केलं.

आता एसीकडे वळू. त्या काळी फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड असले गॅस असायचे. पाइप लीक झाला तर घरातली माणसं झोपेत मरायची. 1928 मध्ये केटरिंग यांनी मिजलींना सांगितलं, की न जळणारा आणि विषारी नसलेला गॅस शोधा. पुन्हा तेच पीरियॉडिक टेबल. मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन दिवसांत डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन तयार केला. वजा 30 अंशांच्या आसपास उकळणारा, आपण ज्याला आर-12 म्हणतो तो.

यात एक गंमत आहे. त्यासाठी लागणाऱ्या अँटिमनी ट्रायफ्लुराइडच्या पाच बाटल्या त्यांनी मागवल्या होत्या. पहिल्या बाटलीतून बनवलेल्या गॅसने गिनीपिगला काही झालं नाही. दुसऱ्या बाटलीतून बनवला तर गिनीपिग मेला! मग कळलं, की पाचपैकी फक्त एकच बाटली चांगली होती, बाकीच्यांतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. नेमकी चांगली बाटली आधी उघडली गेली, नाहीतर त्यांनी नाद सोडला असता.

1930 मध्ये अटलांटाला केमिस्टांच्या सभेत मिजलींनी हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. एका श्वासात दोन्ही गोष्टी सिद्ध! फ्रिऑन नावाने तो घरोघरी गेला. 1940 च्या मॉडेलपासून पॅकार्ड कंपनीने गाडीत एसी दिला. त्याची कूलिंग कॉइल डिकीत असायची आणि एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागायचा. आपलं डॅशबोर्ड खोलणं परवडलं म्हणायचं!

1940 मध्ये मिजलींना पोलिओ झाला आणि पाय गेले. या माणसाने अंथरुणातून उठवायला दोर आणि कप्प्यांचं यंत्र स्वतःच बनवलं. 2 नोव्हेंबर 1944 रोजी त्याच दोरांत गळा आवळून त्यांचा अंत झाला. वय 55. नावावर शंभरावर पेटंट, मोठमोठी पदकं, आणि त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

फ्रिऑनचं बिल मात्र त्यांच्यामागे तीस वर्षांनी आलं. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, की हा न जळणारा, कशाशी न मिसळणारा गॅस तसाच वर वर जातो आणि तिथे उन्हात फुटून क्लोरीन सोडतो. ते क्लोरीन ओझोन खातं. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र सापडलं, 1987 मध्ये माँट्रियलचा करार झाला आणि आर-12 हळूहळू गेला.

वाचताना मी सारखी स्वतःला विचारत होते, की मिजली दोषी का? मला वाटतं, त्यांच्या दोन चुका सारख्या नाहीत. फ्रिऑनचं पुढे काय होईल हे 1930 मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. नाक आणि मेणबत्ती, या दोन्ही परीक्षांत तो खरंच पास झाला होता. पण शिशाचं त्यांना माहीत होतं. स्वतः आजारी पडून माहीत होतं. तरी त्यांनी हात धुतले.

मग माझी चूक कुठली? मामाच्या गाडीतला आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 1430 पट भारी. अर्धा किलो सुटला तर सातशे किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळजवळ तीनशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. आणि ग्लोबल वॉर्मिंग पोटेन्शियलची व्याख्या मी गेल्याच सेमिस्टरला दोन मार्कांसाठी लिहिली होती. पूर्ण मार्क मिळाले होते! म्हणजे माझी चूक फ्रिऑनसारखी नाही, शिशासारखी. माहीत होतं, तरी पाना फिरवला.

दुसऱ्या दिवशी नवी कॉइल बसवली. नवे ओ-रिंग तेल लावून घातले, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायरही बदलला. गाडी टो करून मशीन असलेल्या गॅरेजमध्ये नेली, व्हॅक्यूम धरून ठेवतो का ते बघितलं आणि गॅस वजनावर मोजून भरला. एसी मस्त गार झाला. मामा हसला, पण शाबासकी दिली नाही. पुढच्या वेळी गॅस काढायचं मशीन आधी आणि पाना नंतर, एवढंच बोलला.

मित्रांनो, आपणही उद्या काहीतरी बनवू. आपल्यालाही कधी ना कधी मेणबत्ती विझवून टाळ्या मिळतील. त्या वेळी एवढंच आठवावं, की जे आपल्याला आधीच माहीत आहे ते आपण खिशात लपवून तर उभे नाही ना?

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल