नाव एक, अर्थ कुठला? काशीच्या नागेशभट्टांचा पेच

समजा, लाखांदूरकडच्या एखाद्या आरोग्य केंद्रात औषधाची चिठ्ठी छापणारी आज्ञा संगणकात लिहिली आहे. ती लिहिली बालविभागासाठी. तिथे ‘मात्रा’ म्हणजे ५ मिलिलीटर. गर्दीच्या दिवशी एका लहानग्याची चिठ्ठी मोठ्यांच्या विभागातून काढली. तिथे ‘मात्रा’ म्हणजे १० मिलिलीटर. चिठ्ठीवर काय उमटेल? आज्ञा लिहिली तिथला अर्थ धरला तर ५, चालवली तिथला धरला तर १०. संगणकाची भाषा घडवणाऱ्याला हे आधीच ठरवावे लागते.

असाच पेच संगणकाच्या कितीतरी आधी नागेशभट्ट काळे यांनी बारकाईने तपासला होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेले हे मराठी पंडित काशीत राहिले. वडील शिवभट्ट, आई सती. व्याकरण ते शिकले हरि दीक्षितांकडे, म्हणजे ‘सिद्धान्तकौमुदी’कार भट्टोजींच्या नातवाकडे. शृंगवेरपूरच्या रामसिंह राजाचा त्यांना आश्रय होता. जयपूरच्या सवाई जयसिंहाने अश्वमेधाला बोलावले, पण काशी सोडायची नाही या व्रतापायी ते गेले नाहीत, अशी आख्यायिका आहे.

पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे विलक्षण आटोपशीर आहेत. एकदा सांगितलेली संज्ञा पुढे दूरवर वापरली जाते. मग तिचा अर्थ कुठे लावायचा? जिथे सांगितली तिथेच, हा ‘यथोद्देश’ पक्ष. जिथे काम पडेल तिथे तिला नेऊन, हा ‘कार्यकाल’ पक्ष. दोन्ही पक्ष पतंजलीच्या महाभाष्याइतके जुने. ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात नागेशांनी त्यांची चिकित्सा केली. हा काथ्याकूट नव्हे. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांतले नियम आधीच्या नियमांना दिसतच नाहीत, अशी पाणिनीची व्यवस्था आहे. त्यामुळे पक्ष बदलला की एखादी परिभाषा तिथे लागू होते की नाही, तेही बदलते.

संगणकातला प्रश्न हुबेहूब हाच नाही, पण सख्खा शेजारी आहे. सुरुवातीची लिस्प भाषा आज्ञा चालवली तिथला अर्थ घेई. १९७५ च्या स्कीमने लिहिली तिथला घेतला. आता बहुतेक भाषा स्कीमच्या वाटेने जातात, आणि ते बरेच आहे: चिठ्ठी कुठूनही काढा, ५ च उमटते. पर्लने मात्र दोन्ही सोयी ठेवल्या.

नागेशांना मूलबाळ नव्हते. ‘शब्देन्दुशेखर’ हा मुलगा आणि ‘मंजूषा’ ही मुलगी, असे ते आपल्या ग्रंथांनाच मानत. ‘परिभाषेन्दुशेखर’वर त्यांचे मराठी शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी टीका लिहिली, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न या जर्मन पंडिताने १८६८ ते १८७४ या काळात तो इंग्रजी भाषांतरासह छापला.