झाडावरून परतलेला पिनोकिओ

आजीची गोष्ट शेवटाला येते आणि नातवंड अडून बसतं. राजपुत्र मेला, हे त्याला मुळीच मान्य नसतं. आपल्या बदलापूरच्या शिरगावात काय किंवा दूर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात काय, हा बालहट्ट सगळीकडे सारखाच. अशाच हट्टापुढे एक लेखक नमला, म्हणून जगाला पिनोकिओ लाभला. त्या लेखकाचं नाव कार्लो कोलोदी.

खरं नाव कार्लो लोरेंझिनी. जन्म फ्लॉरेन्सचा, २४ नोव्हेंबर १८२६चा. वडील एका सरदाराकडे स्वयंपाकी. घरात दहा भावंडं, कार्लो सर्वांत थोरला. त्यातली बरीचशी भावंडं लहानपणीच गेली. कोलोदी हे त्याच्या आईचं गाव. बालपणीचे काही दिवस त्याने तिथे काढले आणि पुढे तेच टोपणनाव म्हणून घेतलं.

घरच्यांनी त्याला धर्मगुरू होण्यासाठी शाळेत घातलं, पण तो रमला पुस्तकांच्या दुकानात आणि वर्तमानपत्रांत. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी १८४८ आणि १८५९ अशा दोन युद्धांत तो स्वयंसेवक म्हणून लढला. त्याने विनोदी पत्र काढलं, ते सरकारने बंद पाडलं. मुलांसाठी लिहायला लागला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती.

१८८१ साली आपल्याकडे विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केलं. त्याच वर्षी रोममध्ये मुलांचं एक साप्ताहिक निघालं आणि ७ जुलैपासून त्यात कोलोदीची गोष्ट क्रमशः येऊ लागली. जेपेत्तोने लाकडाच्या ओंडक्यातून घडवलेला हा बाहुला भारी उनाड. शाळा चुकवतो, लबाडांच्या नादी लागतो. शेवटी चार सोन्याच्या नाण्यांसाठी लुटारू त्याला ओकच्या झाडाला फाशी देतात. पंधराव्या प्रकरणात, ऑक्टोबरअखेरीस, कोलोदीने गोष्ट इथेच संपवली! घरात आणि रणांगणावर मृत्यू पाहिलेल्या माणसाला हा शेवट वावगा वाटला नसावा.

बालवाचकांना मात्र तो पटला नाही. त्यांची पत्रं आली, संपादकांनीही गळ घातली. सुमारे साडेतीन महिन्यांनी, फेब्रुवारी १८८२मध्ये, कोलोदीने पुन्हा लेखणी उचलली. गंमत अशी, की आधीच्या प्रकरणात खिडकीशी निळ्या केसांची एक मुलगी येते, आणि ती मेलेली असते. सोळाव्या प्रकरणात तीच परी होते आणि बाहुल्याला झाडावरून सोडवते. म्हणजे एकाऐवजी दोघं जिवंत झाली! जानेवारी १८८३मध्ये छत्तिसाव्या प्रकरणात बाहुल्याचा खराखुरा मुलगा झाला, आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं.

कोलोदीने लग्न केलं नाही. २६ ऑक्टोबर १८९० रोजी तो वारला. आपला बाहुला पुढे जगभर जाईल, याची त्याला कल्पनाही नसेल. गेलेली भावंडं परत आणणं त्याच्या हाती नव्हतं. बाहुला परत आणणं होतं, आणि अनोळखी मुलांच्या सांगण्यावरून त्याने ते केलं.

तेव्हा आज रात्री नातवंडाने शेवट बदलायचा हट्ट धरलाच, तर आजीने रागावू नये. पुढे काय झालं, ते त्यालाच विचारावं.