नात्यांच्या शब्दांतून समाज वाचणाऱ्या इरावती कर्वे. पश्चिम खानदेशातील भिल्लांवरही लिहिले पुस्तक

नंदुरबार : धडगावात पावरी, नवापुरात मावची, शहाद्याकडे अहिराणी आणि गुजरी. बोली बदलली की नात्यांचे शब्दही बदलतात. हे शब्द गोळा करून त्यावरून समाज कसा बांधलेला आहे हे शोधणाऱ्या विदुषी म्हणजे इरावती कर्वे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून नाव पडले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवले. पुढे फर्ग्युसनमधून बी.ए. आणि मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. केले. महर्षी कर्वे यांच्या त्या सूनबाई.

१९२८ मध्ये बाई जर्मनीला गेल्या. बर्लिनचे त्यांचे प्राध्यापक गोऱ्यांना श्रेष्ठ मानणारे. कवट्या मोजून तसा पुरावा निघेल अशी त्यांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या, पण तसा फरक काही सापडला नाही, आणि त्यांनी तेच लिहून दिले. परदेशात एकटी मुलगी, पदवी त्याच गुरूच्या हातात, तरी आकडे फिरवले नाहीत. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजमापाचा नाद तिथेही सुटला नाही, आणि त्यावर पुढे टीकाही झाली. पण त्यांचे खरे मोठे काम नात्यांचे. १९५३ च्या ग्रंथात त्यांनी देशभरातल्या भाषांतले नात्यांचे शब्द शेजारी ठेवले. आपलेच बघा ना, जुन्या घरांत सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायची. म्हणजे आत्याच्या घरी भाची सून म्हणून जायची, ही चाल शब्दातच राहून गेली. उत्तरेत मात्र बहुतेक ठिकाणी मामे-आते भावंडांचे लग्न चालत नाही. महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या मधला, असे त्यांनी दाखवले.

आपला जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता. इथल्या भिल्लांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची पाहणी करून त्यांनी 'द भिल्स ऑफ वेस्ट खानदेश' हे पुस्तक लिहिले. ते इंग्रजीत, त्यामुळे ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापर्यंत फारसे पोचले नाही. मराठी वाचकांना बाई माहीत आहेत त्या 'युगान्त'मुळे. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.