तीन तासांचा हिशेब

कमांडर कावस माणेकशा नानावटी हे नाव मुंबईत घरोघरी पोचलं ते २७ एप्रिल १९५९ नंतर. जन्म १९२५ चा. 'म्हैसूर' युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचा अधिकार. १९४९ मध्ये इंग्लंडात सिल्व्हियाशी विवाह झाला, पुढे तीन मुलं. स्वारी महिनोन् महिने समुद्रावर, कुटुंब मुंबईत, आणि ओळखीतले प्रेम आहुजा!

त्या दुपारी पत्नीने प्रेमसंबंधांची कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या मागितल्या. कारण सांगितलं, रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचंय. आयुष्यभर बँकेत व्हाउचरं तपासलेला मी इथेच थबकतो. कारण खोटं, पण मागणी रीतसर! (कादंबरीकाराला मात्र वाटतं, शिस्तीत मुरलेला माणूस भडकला तरी शिस्तीतच भडकत असेल.) आहुजा कचेरीत भेटले नाहीत, म्हणून नानावटी त्यांच्या घरी गेले. तिथे गोळ्या सुटल्या, आहुजा गेले. नानावटी स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले.

दंड संहितेच्या कलम ३०० ला एक अपवाद होता. गंभीर आणि अचानक प्रक्षोभाने तोल सुटून हत्या घडली, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध, शिक्षा कमी. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो कलम १०१ खाली आहे.

सेशन्स कोर्टात मुख्य बचाव वेगळाच होता. झटापटीत गोळ्या सुटल्या म्हणे. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. 'ब्लिट्झ' साप्ताहिक नानावटींच्या पाठीशी उभं होतं, लोकही. आहुजांची बाजू सांगायला आहुजा नव्हते. न्यायाधीशांना निकाल पटेना. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि १९६० च्या मार्चमध्ये जन्मठेप झाली.

सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली. न्या. सुब्बा राव यांनी मान्य केलं, की नुसते शब्दही प्रक्षोभक ठरू शकतात आणि मोजमाप त्याच थरातल्या समंजस माणसाचं लावायचं. पण नानावटी घरातून निघाले दीडला, हत्या झाली चार वीसला. राग निवायला एवढा वेळ पुरेसा होता. मला हा हिशेब चोख वाटतो.

१९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. १९६८ मध्ये नानावटी बायकोमुलांसह कॅनडाला गेले. सिल्व्हिया त्यांच्याबरोबरच होती. २००३ मध्ये ते तिथेच वारले.