यान फान रीबेक: केपची पहिली वाइन

यान फान रीबेक यांचा जन्म १६१९ मध्ये नेदरलँड्समध्ये झाला. खासगी व्यापार केल्यामुळे डच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना आशियातून परत बोलावले होते. गेलेली पत सावरण्याची संधी १६५२ मध्ये मिळाली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, केप येथे, जहाजांना ताजे अन्नपाणी पुरवणारा तळ उभारायचा होता. वाइनमुळे खलाशांचा स्कर्व्ही रोग टळतो, असा तेव्हा समज होता. म्हणून त्यांनी १६५५ मध्ये द्राक्षवेली लावल्या. २ फेब्रुवारी १६५९ रोजी केपच्या द्राक्षांपासून पहिली वाइन गाळली गेली. ताजा रस सुगंधी आणि चवदार निघाल्याची नोंद रोजनिशीत झाली. मात्र त्याच वर्षी, गुरांची कुरणे गमावलेले खोइखोई लोक डचांविरुद्ध लढायला उठले. १६६२ मध्ये रीबेक यांनी केप सोडले. १६७७ मध्ये बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता येथे, त्यांचे निधन झाले.