पंख्यावर ज्याचं नाव आहे, त्याचं खरं काम स्विचबोर्डच्या मागे आहे

मुंबई-अहमदाबाद हायवे आणि घोडबंदर रोड जिथे भेटतात, त्या वरसावे नाक्याच्या आसपास एखादा जुना फ्लॅट असेल असं समजा. हॉलमधली ट्यूबलाइट गेली, म्हणून नवीन एलईडी आणली. बटणही ढिलं झालं होतं, तेही बदललं. दिवा लागला, सगळे खूश. रात्री बटण बंद केलं, तर अंधारात दिवा अगदी मंद उजळतोय.

भूत वगैरे काही नाही. बटणात छोटा लाल इंडिकेटर असेल, तर कधीकधी त्याच्यामुळे असं होतं. पण तो नसेल, तर एक शक्यता गंभीर असते. बटण फेजच्या वायरवर बसवायचं सोडून कुणीतरी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. म्हणजे बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत करंट आलेलाच असतो. बटण बंद आहे म्हणून कुणी स्टुलावर चढून होल्डरला हात लावला, तर झटका बसणार.

बटण कोणत्या वायरवर, जोड कसा, फ्यूज कुठे, हे सगळं कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा ठरवलं असणार ना? ते ठरवणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींमध्ये एक माणूस असा होता, ज्याचं नाव आपण रोज वाचतो. मान वर करा आणि पंखा बघा. बऱ्याच घरांत त्यावर लिहिलेलं असतं, क्रॉम्प्टन.

हे कंपनीने शोधून काढलेलं नाव नाही. रुक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन नावाचा खराखुरा माणूस होता, आणि त्याच्या उमेदीची बरीच वर्षं भारतात गेली होती.

क्रॉम्प्टन यांचा जन्म 31 मे 1845 चा. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, थर्स्क गावाजवळ. त्यांचं लहानपण सिनेमात शोभेल असं होतं. क्रिमियाचं युद्ध चालू असताना हा लहानगा मुलगा नौदलाच्या जहाजावर कॅडेट म्हणून गेला. तिथून थेट सेवास्तोपोलच्या खंदकात लढणाऱ्या भावाला भेटून आला. त्याबद्दल त्याला युद्धाचं पदकही मिळालं.

पुढे हॅरोच्या शाळेत शिकताना त्याने सुट्टीत एक उद्योग सुरू केला, रस्त्यावर चालणारी वाफेची गाडी बनवण्याचा. तिचं नाव ब्लूबेल.

शिक्षण संपल्यावर क्रॉम्प्टन सैन्यात भरती झाले आणि 1864 मध्ये भारतात आले. इथे लष्कराचं सामान बैलगाड्यांवरून जायचं. वेळ खूप लागायचा. क्रॉम्प्टन यांच्या डोक्यात ब्लूबेल होतीच. रेल्वे नाही तिथे वाफेची इंजिनं रस्त्यावरून सामान ओढू शकतील, असं त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी पाठिंबा दिला. इंग्लंडमध्ये इंजिनं बनली, त्यांना चिनाब, रावी अशी आपल्याकडच्या नद्यांची नावं दिली गेली. उत्तर भारतातल्या रस्त्यांवर ती चाललीही. पण रेल्वेचं जाळं वाढत होतं, त्यापुढे या गाड्यांना भविष्य नव्हतं.

1875 मध्ये क्रॉम्प्टन इंग्लंडला परतले आणि चेम्सफर्ड इथल्या एका कारखान्यात भागीदार झाले. तोपर्यंत त्यांचा विजेशी फारसा संबंध नव्हता.

तो आला एका अडचणीमुळे. नातेवाइकांच्या लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळी चालवायची होती, पण उजेड नव्हता. क्रॉम्प्टन यांनी फ्रान्समधून डायनॅमो आणि आर्क दिवे मागवले. दिवे लागले, पण सारखे फडफडायचे. सैन्यात असताना लागलेली सवय कामी आली. त्यांनी दिवे उघडले, दोष शोधले आणि स्वतःच चांगले दिवे बनवायला लागले. 1878 मध्ये क्रॉम्प्टन अँड कंपनी उभी राहिली.

आर्क दिवा कारखान्याला, स्टेशनला ठीक होता. घरात तो लावला तर डोळे दिपायचे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत एडिसन यांनी घरात चालेल असा बल्ब आणला. क्रॉम्प्टन यांनी स्वान यांच्यासोबत काम केलं. 1881 मध्ये पॅरिसला विजेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, तिथे क्रॉम्प्टन यांना सुवर्णपदक मिळालं. पुढे विंडसरच्या राजवाड्यापासून व्हिएन्नाच्या ऑपेरापर्यंत त्यांचे दिवे लागले.

दिवे लागत होते, पण एक मोठा घोळ होता.

वीज घरात आणायची कशी, याचे नियमच नव्हते. गॅसच्या नळ्या बसवणारे कारागीर आता वायरी ओढत होते. कुणी उघडी तार लाकडी फळीवर ठोकायचं, कुणी दोन तारा नुसत्या पिळून जोडायचं. असा ढिला जोड तापतो आणि आग लागते. विमा कंपन्यांना घाम फुटला होता.

मग 1882 मध्ये लंडनमधल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने एक समिती नेमली. तिच्यात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ होते आणि प्रत्यक्ष वायरी ओढून आलेले क्रॉम्प्टनही होते. समितीने विजेच्या दिव्यांमुळे लागणारी आग टाळण्याचे नियम काढले. पुस्तिका छोटीशीच होती.

त्यातल्या गोष्टी आज वाचल्या तर ओळखीच्या वाटतात. वीज जिथून घरात शिरते तिथे मेन स्विच हवा. वायरवर चांगलं आवरण हवं. जोड पक्के हवेत. करंट जास्त झाला, तर वायर तापायच्या आधी वितळून सर्किट तोडणारा फ्यूज हवा. बटण असं हवं, की ते अर्धवट जागी अडकून आत ठिणगी पेटत राहणार नाही. आज बटण दाबल्यावर टक असा आवाज येतो ना, तो त्यासाठीच. आतली पट्टी झटक्यात जुळते आणि झटक्यात सुटते.

आणि नियमांच्या आधी समितीने एक बाब स्पष्ट केली होती. धोका मुख्यतः येतो तो काम करणाऱ्याच्या अज्ञानातून आणि अननुभवातून.

गंमत म्हणजे 1882 मध्येच मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले होते. पण ते काही टिकले नाहीत, कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर आलं.

इकडे क्रॉम्प्टन यांनी लंडनच्या केन्सिंग्टन कोर्ट भागात घरोघरी वीज द्यायला सुरुवात केली. विजेवर चालणाऱ्या इस्त्र्या आणि शेगड्याही त्यांच्या कंपनीने बाजारात आणल्या.

पण एका मोठ्या लढाईत ते हरले. घरांना डीसी वीज द्यावी, बॅटऱ्यांमध्ये साठवावी, असं त्यांचं ठाम मत होतं. तरुण सेबॅस्टियन फेरांटी यांचं म्हणणं होतं की एसी वीज लांबून, मोठ्या केंद्रातून आणावी. डीसी कमी दाबावर लांब नेता येत नाही, तांब्याचा खर्च परवडत नाही. शेवटी एसी जिंकली. आज आपल्या घरात येणारी 230 व्होल्टची वीज एसीच आहे.

दुसरा कुणी असता तर रुसून बसला असता. क्रॉम्प्टन यांनी पुढचं मोठं काम हाती घेतलं, आणि त्याचा फायदा जिंकलेल्या एसीलाच जास्त झाला.

प्रत्येक देशात व्होल्ट वेगळा मोजला जायचा, मशीनची ताकद वेगळी सांगितली जायची. एका कंपनीचा माल दुसऱ्याच्या मालाला जुळायचा नाही. 1904 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या परिषदेत क्रॉम्प्टन यांनी सगळ्या देशांनी मिळून मानकं ठरवावीत असा विषय मांडला. त्यातूनच 1906 मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोग, म्हणजे आयईसी, सुरू झाला. पहिले अध्यक्ष लॉर्ड केल्विन, आणि सचिव क्रॉम्प्टन.

आज आयईसीचं मुख्यालय जिनिव्हात आहे आणि भारत तिचा सदस्य आहे. आपल्या घरातल्या वायरिंगसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 732 हे मानक आहे, तेही आयईसीच्या मानकांशी जुळवून घेतलेलं आहे. एका कंपनीची एलईडी दुसऱ्या कंपनीच्या होल्डरमध्ये बसते, ती अशा मानकांमुळेच.

15 फेब्रुवारी 1940 ला, वयाच्या 94 व्या वर्षी क्रॉम्प्टन गेले. त्याआधीच, 1927 मध्ये त्यांची कंपनी पार्किन्सनमध्ये विलीन झाली होती. 1937 मध्ये मुंबईत तिचं काम सुरू झालं, 1947 मध्ये ती थापर यांच्याकडे आली आणि 1966 मध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज तयार झाली. नाव आपल्या छताला लटकलं ते असं.

आता पुन्हा वरसाव्याच्या त्या हॉलमध्ये या. दिवा बंद करूनही उजळत असेल, तर नुसता दिवा बदलून उपयोग नाही. आधी एमसीबी पाडायची. बोर्ड उघडल्यावर कुठली वायर कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. आपल्याकडे साधारणपणे फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी असते. पण जुन्या घरात हाताशी होती ती वायर वापरलेली असते, त्यामुळे नुसत्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. फेज कुठली, हे टेस्टर किंवा मीटर लावून तपासावंच लागतं. त्यासाठी वीज चालू ठेवावी लागते, म्हणून ते काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. त्याला एवढंच सांगायचं, बटण फेजवर आहे का ते बघ.

पंख्यावरचं नाव लांबूनही वाचता येतं. क्रॉम्प्टन यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी घालून दिलेली शिस्त मात्र बोर्ड उघडल्याशिवाय दिसत नाही. ती पाळली आहे की नाही, हे बटण बंद केल्यावर होल्डरला हात लावणाऱ्यालाच कळतं. त्याच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून ते आधीच तपासून घ्यायचं.